जाळी काऊन नव्हती

गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये मी पंचवीस वर्षं मिस्त्री आहे. आमचं गाव कामठ्याच्या पलीकडे. घरी पोवारी बोलतात. दोन्ही मोठ्या भावांनी धानाची शेती धरली आणि मी आयटीआयला जाऊन फिटर झालो. मिलमध्ये मात्र मला कोणी फिटर म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून मी मिस्त्री, आणि पुढे वय वाढलं तसा मिस्त्रीभाऊ.

आमची मिल उसना तांदूळ काढते. धान आधी गरम पाण्यात भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर धान चढवायला एलिव्हेटर असतात. तेव्हा आमच्याकडे असे पाच एलिव्हेटर होते. प्रत्येकाच्या पायथ्याशी एक फिरता शाफ्ट, त्यावर पुली आणि पुलीवर मोटारीकडून येणारा पट्टा. कुणाचा हात किंवा कपडा आत जाऊ नये म्हणून त्यावर लोखंडी जाळी बसवलेली. जाळी चार बोल्टांनी आवळलेली असे.

अडचण अशी होती की बेअरिंगला ग्रीस द्यायची जागा जाळीच्या आत होती. दर दोन-तीन दिवसांनी ग्रीस द्यावं लागे. म्हणजे मशीन थांबवा, चार बोल्ट काढा, जाळी उतरवा, ग्रीस द्या, पुन्हा जाळी चढवा, पुन्हा चार बोल्ट. हंगामात धानाच्या गाड्या दाराबाहेर रांगेत उभ्या असत आणि मशीन पाच मिनिटं थांबली तरी सुपरवायझर येऊन डोक्यावर उभा राही. त्यामुळे मी काय करायला लागलो, तर हंगाम सुरू झाला की जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवायचो. चालू मशीनलाच ग्रीस द्यायचो. हात सरावलेला होता. माझ्या हाताखाली शिकून दुसऱ्या पाळीला लागलेला फिटरही तेच करायचा. त्यानं ते माझ्याकडे पाहूनच उचललं होतं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. जवळच्या बौद्ध वस्तीतून दहा-बारा बाया मिलमध्ये कामाला येत. त्यांतल्या एका बाईंना सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचो. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. एलिव्हेटरच्या आजूबाजूला सांडलेलं धान झाडून गोळा करायचं काम त्यांच्याकडे होतं. दुपारचं जेवण होऊन माणसं नुकती कामाला लागली होती. मावशी एक नंबरच्या एलिव्हेटरपाशी वाकून झाडत होत्या आणि त्यांचा पदर शाफ्टवर गेला.

शाफ्टनं एका क्षणात पदर गुंडाळून घेतला आणि मावशींना खेचलं. लुगडं जुनं होतं, धुऊन धुऊन विरलेलं. ते उभं फाटलं. मावशी एका बाजूला पडल्या आणि निम्मं लुगडं शाफ्टभोवती गरगरत राहिलं. नवं कोरं लुगडं असतं तर काय झालं असतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. बाकीच्या बायांनी धावत येऊन त्यांना घेरलं, एकीनं आपली ओढणी त्यांच्या अंगावर टाकली. मशीन थांबली. मी पोचलो तेव्हा मावशी बसून होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मी त्यांना पाणी दिलं नाही. लागलं का, असंही विचारलं नाही. मी म्हणालो, "पदर खोसून घेता येत नाही काय बाई? कितीदा सांगतलो तुम्हाले?"

मी त्यांना एकदाही सांगितलेलं नव्हतं. जाळी दोन हातांवर भिंतीला टेकून होती आणि ती मी ठेवलेली होती. माझी नजर आधी तिथंच गेली होती आणि म्हणूनच माझा आवाज इतका चढला होता.

सुपरवायझरनं मावशींना आठ दिवस कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मशीनजवळ बेफिकीर राहिल्याची शिक्षा. कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी स्टोअरमधून चार नवे बोल्ट काढले आणि एक नंबरची जाळी बसवली. त्यानंतर त्या जाळीला मी कधीही बोल्टाशिवाय ठेवलं नाही. आपण चूक सुधारली, असं मला मनापासून वाटलं.

बाकीचे चार एलिव्हेटर मी त्या संध्याकाळी पाहिले होते. त्यांतल्या दोन एलिव्हेटरवर जाळी नव्हती. दुसऱ्या पाळीच्या फिटरला सांगावं, असं मनात आलंही. पण सांगायला गेलो असतो तर त्यानं विचारलं असतं, आजच काऊन? मग पदराची गोष्ट आली असती आणि पदरामागून माझी जाळी. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या आला नाही.

फाल्गुन आला, खरिपाचं साठवलेलं धान भरडणं अजून चालू होतं. तीन नंबरच्या एलिव्हेटरवर एक हमाल काम करत होता, तिशीतला, चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या गावातला. अंगानं बारीक पण पोतं उचलण्यात कोणाला हार जायचा नाही. त्या दुपारी पायथ्याशी बारदान्याची एक चिंधी अडकून धान सांडायला लागलं होतं. त्यानं ती ओढून काढायला हात घातला.

मी वर्कशॉपमध्ये होतो, तीस-चाळीस पावलांवर. पट्ट्याचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत तो आवाज ओळखीचा झालेला असतो, काही बदललं की अंगाला आधी कळतं. मी धावलो. मशीन बंद करायचा स्विच शेडच्या दुसऱ्या टोकाला होता, म्हणून मला त्याच्याजवळ न थांबता पुढे धावत जावं लागलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपल्याला टाकून हा कुठे चालला, असं त्याच्या नजरेत होतं. ते तोंड मला आजही दिसतं.

मिलमालक सेठच्या गाडीतून त्याला आधी गोंदियाला आणि तिथून नागपूरला नेलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

दुसऱ्या दिवशी झालेला प्रकार कागदावर लिहून द्यायला मला सांगण्यात आलं. मी लिहिलं: कामगारानं चालू मशीनमध्ये हात घातला. कारण, कामगाराचा निष्काळजीपणा. लिहायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यात खोटं काही नव्हतं, हात त्यानंच घातला होता. तीन नंबरवर जाळी नव्हती, हे मी लिहिलं नाही. सेठनं पेंटर बोलावून लाल अक्षरांत एक पाटी लावून घेतली, चालू मशीनला हात लावू नये म्हणून. सगळ्यांकडून ती वाचल्याच्या सह्या घेतल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे अंगठे घेतले. दोन दिवसांनी तीन नंबर पुन्हा सुरू झाला, जाळी न बसवता.

तीन आठवड्यांनी तो हमाल नागपूरहून घरी आला. मी त्याला भेटायला गेलो. सोबत कोणाला नेलं नाही. कालव्याच्या कडेनं रस्ता जातो, दोन्ही बाजूला उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं. तो अंगणात बाजेवर बसला होता, हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळून छातीशी धरलेला. त्याच्या आईनं मला पाणी दिलं, चहा ठेवते म्हणून आत गेली. मी इकडचं तिकडचं विचारलं. डॉक्टर काय म्हणतात, दुखते काय. त्यानं नीट उत्तरं दिली. रागाचा एक शब्द नव्हता. मग म्हणाला,

"भाऊ, एक विचारू? त्या तीन नंबरवर जाळी काऊन नव्हती?"

मी म्हणालो, पाहून सांगतो.

"मी नवा लागलो तवा होती," तो म्हणाला. "मले असंच वाटते. पन आता समदे म्हनून राहिले का माहीच चूक. मंग मले वाटते का जाळी कधी होतीच नाही, मीच मनानं बनवून राहिलो."

त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं. हो, जाळी होती, तुला बरोबर आठवतं, एवढं म्हणणारा कोणीतरी. मी ते म्हणालो नाही. चहा घेतला आणि निघालो. परत येताना एकदा गाडी बाजूला लावून कालव्याजवळ उभा राहिलो. मागे फिरावं असं वाटलं, पण फिरलो नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मी तीन नंबरची जाळी बसवायला घेतली. मावशी झाडू घेऊन तिथं आल्या. मी खाली बसून बोल्ट आवळत होतो, त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"हे आता लावून राहिले का जी?" त्या म्हणाल्या. "माह्या वेळची त त्याच दिवशी लावली तुम्ही."

मी हात थांबवला. त्यांना कसं कळलं, विचारलं. त्या म्हणाल्या की पडल्या जागेवरून त्यांना भिंतीला टेकलेली जाळी समोरच दिसत होती. आठ दिवसांनी कामावर आल्या तर जाळी जागेवर होती आणि चार नवे बोल्ट चमकत होते. बाकी सगळं धुळीनं भरलेलं, त्यात ते चारच नवे.

"मंग तुम्ही सांगतलं काऊन नाही कोनाले?" मी विचारलं. विचारतानाच मला लाज वाटली.

"कोनाले सांगू? वाचली म्हनून मले आठ दिवस घरी बसवलं. बोलली असती त कायमची बसली असती." त्या थोडं थांबल्या. "तुम्ही त मिस्त्री. तुम्हाले कोन घरी बसवते?"

एवढं बोलून त्या झाडायला लागल्या. मी चौथा बोल्ट आवळला. त्या बरोबर बोलत होत्या. त्यांना भीती होती ती कामाची, पोटाची. माझी भीती त्या मानानं फार लहान होती, चार लोकांत मान खाली घालावी लागेल एवढीच. तेवढ्यासाठी मी चार महिने गप्प राहिलो होतो.

दुपारी मी सेठच्या ऑफिसात गेलो. आमचे सेठ गोंदिया शहरातले, घरात-दारात हिंदी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, पण मिल थांबली की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. मी दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. जाळी काढून ठेवायची सवय मीच पाडली, मावशींचा पदर गेला तेव्हा जाळी माझ्यामुळे नव्हती, मी फक्त माझी जाळी लावली आणि दुसऱ्यांच्या उघड्या पाहून गप्प राहिलो.

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तब क्यों नहीं बोला?"

"डर लगा सेठ."

मला वाटलं आता काढून टाकतील. पण त्यांनी विचारलं, "और कितनी जाली खुली है?"

मी म्हणालो, आज एकही नाही, सकाळीच सगळ्या लावल्या.

"आज का नहीं पूछ रहा. इतने दिन खुली थी, सबको दिख रही थी. मुझे एक आदमी ने नहीं बताया. और क्या क्या है मेरी मिल में जो मुझे मालूम नहीं?"

मी म्हणालो, मला सगळं माहीत नाही. लोकांना माहीत असेल, त्यांना विचारा.

"मुझे बताएँगे?"

मी नाही म्हणालो. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, मग तू आधी सांग, सगळ्यांसमोर.

दोन दिवसांनी सकाळी धान वाळवायच्या मोठ्या ओट्यावर दोन्ही पाळ्यांची माणसं गोळा केली. मी उभा राहून सेठला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. मावशींना सगळ्यांसमोर म्हणालो की तुमची चूक नव्हती आणि मी तुमच्यावर ओरडलो ते स्वतःला लपवायला. दुसऱ्या पाळीचा फिटर मान खाली घालून उभा होता. त्याच्याबद्दल मी एवढंच सांगितलं की हे तो माझ्याकडून शिकला. बोलून झाल्यावर कोणीच काही बोललं नाही. वर कावळे ओरडत होते. सेठनं विचारलं, अजून कोणाला काही सांगायचं आहे का.

मग बॉयलरवाले बाबा पुढे आले. ते छत्तीसगडकडचे, साठीला टेकलेले, फार न बोलणारे. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी असते. ते म्हणाले, ती नळी महिनाभरापासून गाळानं चोंदली आहे, पाणी किती ते अंदाजानं धरावं लागतं. एकदा अंदाज चुकला, आत पाणी फार खाली गेलं होतं. आवाजावरून त्यांना संशय आला आणि त्यांनी भट्टीतलं पेटतं तूस एकट्यानं ओढून बाहेर काढलं. कोणाला सांगितलं नाही, कारण पाण्याकडे लक्ष नव्हतं म्हणून त्यांनाच काढून टाकलं असतं.

आम्ही ज्या ओट्यावर उभे होतो तो बॉयलरपासून पन्नास पावलांवरही नव्हता. बॉयलर फुटला असता तर काय झालं असतं हे सांगायची कोणाला गरज नव्हती. सेठचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी बोलायला उठलेच होते. त्यांचा हातही वर गेला होता. मग ते परत खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आग निकाल दी, अच्छा किया. आज नली साफ होगी, तब तक बॉयलर बंद."

त्या दिवसानंतर आमच्या मिलमध्ये जे काही बदललं ते त्या एका खाली बसण्यामुळे, असं मला वाटतं. सेठ तेव्हा ओरडले असते तर बाबांच्या मागे कोणीही तोंड उघडलं नसतं. बाबांच्या मागून आणखी तिघे बोलले. एकानं वरच्या माळ्याची सडलेली फळी सांगितली, एकानं तारेचा उघडा जोड, एकानं पोत्यांची थप्पी फार उंच लावली जाते ते. सगळं रोज डोळ्यांसमोर असलेलं.

त्याच सभेत मावशींनी मला विचारलं, "मिस्त्रीभाऊ, ग्रीस द्याची जागाच जाळीच्या बाहेर काऊन नाही काढत? मंग जाळी काढाचं कामच पडत नाही."

बेअरिंगपासून तांब्याची बारीक नळी काढून जाळीबाहेर आणायची आणि तिच्या टोकाला ग्रीस द्यायचं तोंड बसवायचं, एवढंच काम. पंधरा दिवसांत पाचही एलिव्हेटरना मी ते करून घेतलं. प्रत्येकाजवळ, हात पोचेल अशा जागी, बंद करायचं लाल बटणही लावलं. तेव्हापासून जाळी काढायचं कारणच राहिलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना सावध राहायला सांगत होतो, आणि मशीन नीट करायचा विचार झाडणाऱ्या बाईला सुचला. तो मला का सुचला नाही, याचा मी बराच विचार केला आहे. बहुतेक मला जाळी काढायची इतकी सवय झाली होती की ती अडचण आहे हेच मी विसरलो होतो.

मग रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं ओट्यावर उभं राहायची पद्धत पडली. सेठ विचारायचे, ते नसले की मी विचारायचो, "काल कोनी वाचलं काय?" ज्याचं काही होता होता राहिलं असेल त्यानं सांगायचं. जो सांगेल त्याला घरी बसवायचं नाही, हा नियम सेठनं स्वतः बोलून दाखवला.

हे सगळं सरळ चाललं असं नाही. पुढच्या हंगामात एका हमालानं सांगितलं की थप्पीवर चढताना वरची चार पोती घसरली आणि तो उडी मारून वाचला. सुपरवायझरनं सकाळी ऐकून घेतलं आणि दुपारी त्याला दोन दिवसांसाठी घरी पाठवलं, थप्पी वाकडी लावली म्हणून. सेठ तेव्हा बाहेरगावी होते. मला कळलं आणि मी वाद घातला नाही, हंगाम होता. त्यानंतर तीन महिने सकाळी विचारलं की सगळे म्हणायचे, काही नाही जी, समदं बरोबर. सेठ खूश झाले. मीही झालो. एकदा मी मावशींना म्हणालो की आता काही होतच नाही पाहा.

"होऊन राहिलं भाऊ," मावशी म्हणाल्या. "लोकाइनं सांगनं सोडलं."

तेव्हा कुठे आम्हाला कळलं. सेठनं त्या हमालाला ओट्यावर उभं करून सांगितलं की तुला घरी पाठवलं ती आमची चूक. सुपरवायझर बरेच दिवस फुगून होता. लोक पुन्हा बोलायला लागायला जवळजवळ एक हंगाम गेला.

मी लिहिलेला तो जुना कागद माझ्या डोक्यातून जात नव्हता. सेठच्या परवानगीनं मी दुसरा लिहिला: तीन नंबरच्या एलिव्हेटरवर आधी जाळी होती, ती काढून ठेवण्याची सवय मिस्त्रीनं पाडली होती, घटनेच्या दिवशी जाळी नव्हती, आणि बंद करायचा स्विच दूर होता. जिथे जिथे पहिला गेला होता तिथे तिथे हा पाठवला. एक प्रत घेऊन मी पुन्हा चोरखमाऱ्याकडे गेलो. त्यानं कागद डाव्या हातात धरून सावकाश वाचला, दोनदा वाचला.

"म्हंजे मले बरोबर आठवत होतं," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. त्यानं कागदाची घडी आईकडे दिली आणि पेटीत ठेवायला सांगितली. मी काय केलं होतं ते सगळं त्याला तोंडानंही सांगितलं. तो ऐकत होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. सेठनं त्याला वजनकाट्यावरचं काम देऊ केलं होतं, तेही त्यानं घेतलं नाही. त्या मिलच्या फाटकातून मला पुन्हा आत यायचं नाही, म्हणाला. भावासोबत शेती करतो. एका वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या जत्रेत दिसला, मुलीला खांद्यावर घेतलेलं. थांबून दोन मिनिटं बोलला, आमच्या घरचं विचारलं आणि गर्दीत पुढे गेला.

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर मिल पुन्हा सुरू झाली तेव्हा निम्मी माणसं नवी होती. बॉयलरवाले बाबा गावी गेले ते परत आले नाहीत. माझा शिष्य फिटर रायपूरला लागला. नव्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगायला हवं हे मलाही सुचलं नाही. एक दिवस एका नव्या हमालानं चालू पट्ट्याजवळून चिंधी ओढायला वाकून हात पुढे केला. जाळी होती म्हणून हात आत गेला नाही. मी हादरलो. पाटी तिथंच होती, लाल अक्षरं फिकी पडलेली.

तेव्हापासून नवं माणूस लागलं की पहिल्या सकाळी त्याला आधी मावशींकडे पाठवतो. त्या एक नंबरच्या एलिव्हेटरपाशी उभ्या राहून आपल्या पदराची गोष्ट सांगतात, कुठे उभ्या होत्या, कशा ओढल्या गेल्या, मिस्त्रीभाऊ कसे ओरडले. तो भाग त्या गाळत नाहीत. मी जवळ असलो तरी गाळत नाहीत. मग मी तीन नंबरची गोष्ट सांगतो. मावशींचे गुडघे आता दुखतात, त्या झाडायचं काम करत नाहीत, पोत्यांना शिवण घालतात. पण हे काम त्यांनी सोडलेलं नाही.

मागच्या हंगामातली गोष्ट. कामाला लागून महिनाही न झालेली एक मुलगी, लग्न होऊन गोंदियाला आलेली, धावत माझ्याकडे आली. ड्रायरकडून काहीतरी जळाल्याचा वास येतो म्हणाली. धान वाळवायच्या ड्रायरमध्ये आग धरली तर शेड राहत नाही. मी लाल बटण दाबलं. बाहेर सात-आठ गाड्या उभ्या होत्या. आम्ही ड्रायर उघडला, पंखे पाहिले, मोटारी हातानं चाचपल्या, वायरी पाहिल्या. दोन तास गेले. सेठ येऊन उभे राहिले, ते आता म्हातारे झाले आहेत, पण मिल थांबली की अजूनही घालमेल होते. काहीच सापडलं नाही. शेवटी कोणीतरी कुंपणापलीकडे पाहिलं. शेजारच्या शेतात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळत होते आणि वारा आमच्याकडे होता.

ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांत पाणी आलेलं. सगळे सेठकडे पाहत होते. सेठनं तिला विचारलं, वास नेमका कुठे आला होता. तिनं दाखवलं. ते तिथं जाऊन उभे राहिले, नाकानं वास घेतला, म्हणाले, "हाँ, बास आती है इधर. चालू करो." आणि ऑफिसात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं स्वतःच सांगितलं आणि लोक हसले. तीही थोडी हसली. मला काळजी वाटत होती की आता ही पुन्हा कधी बोलायची नाही. चार-पाच दिवसांनी मी वर्कशॉपमध्ये चहा घेत होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"मिस्त्रीभाऊ," ती म्हणाली, "मागच्या वेळी बी माहं चुकलं, आता बी चुकलंच असंन. पन चार नंबरचा पट्टा एका बाजूनं घासून राहिला."

मी कप खाली ठेवला, बॅटरी उचलली आणि तिच्या मागे निघालो.